तरुण नायिकेची वाढ कादंबरीत कशी उभी करावी : सांगली-सातारा भागात कथानक घडवणाऱ्यांसाठी

मुलगी लहानाची मोठी होते अशी कादंबरी लिहायला घेणारे पुष्कळ लेखक पहिल्या प्रकरणात तेरा वर्षांची मुलगी दाखवतात. शेवटच्या प्रकरणात ती एकोणीस-वीस वर्षांची असते आणि मधल्या काळात ती बारावी झालेली असते, पुण्याला गेलेली असते, कदाचित नोकरीलाही लागलेली असते. तरीही पुस्तक मिटल्यावर वाचकाला वाटत राहते की ही मुलगी होती तशीच आहे, फक्त तिचे वय आणि पत्ता बदलला. परीक्षा, प्रवास, नोकरी या घटना आहेत. नायिकेची वाढ त्यांच्यामुळे आपोआप होत नाही. ती दिसते निर्णयांतून, आणि तो निर्णय नायिकेने स्वतः घेतलेला असावा व त्याची किंमतही तिनेच मोजलेली असावी, ही अट मी सगळ्यांत वर ठेवतो. पुढच्या सर्व सूचना या एका अटीतून आलेल्या आहेत.

आधी तिचा समज ठरवा

पहिले प्रकरण लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारावे की आपली नायिका सुरुवातीला कोणती गोष्ट खरी मानून चालते. तिचा स्वभाव, छंद, आवडता रंग यांची टिपणे नंतर करता येतात, पण हा समज ठरलेला नसेल तर तिच्यात पुढे काय बदलले हे लेखकालाच सांगता येत नाही.

उदाहरणासाठी एक नायिका कल्पून पाहू. तिचे नाव ऋतुजा ठेवू. घर सांगलीच्या गावभागात, नदीपासून फार लांब नाही. वडील मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत, आई घरी शिवणकाम करते, आजोबा-आजी आहेत आणि दोन वर्षांनी धाकटा भाऊ आहे. ऋतुजा मनाशी धरून आहे की आपण कुणाला त्रास दिला नाही, काही मागितले नाही, शहाण्यासारखे वागलो, की वेळ येईल तेव्हा घर आपल्या बाजूने उभे राहील. हा समज वेडगळ नाही, कारण आजवर तो खरा ठरलेला आहे. पाहुण्यांसमोर तिचे कौतुक होते, आई म्हणते, “आमच्या ऋतूचं काय, कशाच्या मागं लागतच नाही,” आणि त्या वाक्याने तिला आतून उभारी येते.

नवे लेखक इथे घाई करतात. नायिकेचा समज चुकीचा आहे हे त्यांना स्वतःला ठाऊक असते, म्हणून ते पहिल्याच प्रकरणात तिची दया येईल असे लिहितात. तसे करू नये. वाचकाने आधी तिच्याशी सहमत व्हायला हवे आणि कौतुकाची ती ऊब त्यालाही जाणवायला हवी. तरच पुढे तो समज तुटताना वाचकाचेही काही तुटेल.

समजाच्या जोडीला तिला काहीतरी हवे असले पाहिजे, आणि ते हाताने दाखवता येईल इतके नेमके असावे. “तिला शिकून मोठे व्हायचे होते” या वाक्यातून एकही प्रसंग निघत नाही. ऋतुजाला हळदीच्या व्यवहारात शिरायचे आहे असे ठरवले, तर लगेच हातात वस्तू येतात. वडील घरी नमुन्याची हळद आणतात. एक हळकुंड घेऊन ते मोडतात, मोडताना होणारा कट्ट असा आवाज ऐकतात, मोडलेल्या जागी गाभ्याचा रंग उजेडाकडे धरून पाहतात, आणि मग लेकीच्या हातात दुसरे हळकुंड देतात. तिचे बरोबर आले की ते हसतात. सौदे मात्र भाऊ मोठा झाल्यावर पाहणार, हे घरात कुणी बोललेले नाही. ते बोलायची गरजच कुणाला वाटलेली नाही. कादंबरीचा ताण या न बोललेल्या गोष्टीत आहे.

पुराने मुलगी मोठी होत नाही

सांगलीवर लिहायचे म्हटले की कृष्णेचा पूर येणारच. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, आणि तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, एवढे सांगितले की बाहेरच्या वाचकालाही अंदाज येतो. सांगलीकर त्या दिवसांत एकमेकांना “किती फुटांवर आलंय?” एवढेच विचारत होते आणि त्या आकड्यावरून सामान माळ्यावर टाकायचे की घर सोडायचे हे ठरवत होते. असा प्रसंग हाताशी असला की लेखकाला मोह होतो: पूर आला, सगळे वाहून गेले, आणि मुलगी एका रात्रीत प्रौढ झाली. मला हा मार्ग मान्य नाही. संकटाने माणूस दमतो, घाबरतो, कधी गप्प होतो, पण शहाणपण त्याला पाण्यातून आयते मिळत नाही.

पूर लिहावा, पण तिथे ऋतुजाला एक निर्णय घ्यायला लावावा. समजा बोटीत सामान फार नेता येणार नाही. आईने तिच्याकडे कागदपत्रांची पिशवी दिली आहे, तिच्यात रेशनकार्ड आहे, सातबाऱ्याचे उतारे आहेत, आजीच्या गोळ्या आहेत. ऋतुजा स्वतःची वह्यापुस्तके माळ्यावर ठेवून वडिलांच्या हिशेबाच्या वह्या पिशवीत कोंबते. पाणी माळ्यापर्यंत चढते आणि तिचे सगळे लिखाण चिखल होऊन जाते. नंतर विश्रामबागेतल्या नातेवाइकांकडे सगळे तिला शाबासकी देतात, वडील डोक्यावर हात ठेवतात, आणि स्वतःचे सोडून दिले की घर आपले होते हा तिचा जुना समज अधिकच घट्ट होतो. म्हणजे पुरातून ती शिकते, पण चुकीचे शिकते. कादंबरीच्या पहिल्या एक तृतीयांश भागात याहून उपयोगी काही नाही, कारण पुढचा उलगडा करायला आता भक्कम गाठ बसलेली आहे.

शिवाय काळ निवडला की तो काळ सगळाच्या सगळा घ्यावा लागतो. जी मुलगी २०१९ च्या पावसाळ्यात आठवीत आहे, तिची नववी करोनाच्या काळात मोबाइलवर जाणार. घरात एकच स्मार्टफोन असेल तर दहा वाजताच्या तासाला तो कुणाच्या हातात असतो, तिच्या की भावाच्या, हे लेखकाला ठाऊक असायला हवे. जुलै २०२१ मध्ये सांगलीत पुन्हा पूर आला. दुसऱ्या पुरात ती पंधरा वर्षांची आहे आणि या वेळी ती कोणती पिशवी उचलते, हा प्रश्न लेखकाला आयता मिळालेला आहे. तो वाया घालवू नये.

एकच प्रसंग दोन वयांत लिहा

वाढ दाखवण्याची मला ठाऊक असलेली सर्वांत विश्वासू रीत म्हणजे एकच प्रसंग दोन वेगळ्या वयांत लिहिणे. खोली तीच, माणसे बहुतेक तीच, काम तेच, फक्त नायिका वेगळ्या ठिकाणी बसलेली. असे केले की “आता ती बदलली होती” असे वाक्य लिहावे लागत नाही. वाचक आधीचे पान आठवतो आणि फरक स्वतः मोजतो.

आपल्या भागात यासाठी हक्कसोडपत्रासारखा दुसरा प्रसंग नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क मिळाला. महाराष्ट्राने त्या दिशेने राज्यापुरती दुरुस्ती १९९४ मध्येच केली होती. कायदा असा आहे, आणि तरीही दुय्यम निबंधक कार्यालयात बहिणींनी भावांच्या नावे हक्क सोडून देणे ही घरोघरची रीत आहे. बहीण सही करते, कारण सही केली नाही तर माहेर तुटते असे तिला वाटते, आणि पुष्कळदा ते वाटणे खरे असते. इथे दुष्ट कुणीच नाही, आणि लेखकाने कुणाला दुष्ट करूही नये.

आता पंधरा वर्षांची ऋतुजा पाहू. आजोबा वारले आहेत. कवठेमहांकाळकडे त्यांची जमीन आहे. ती कोरडवाहू होती तोवर तिच्याकडे कुणी फारसे पाहत नव्हते, पण म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी आसपास फिरल्यावर तिला भाव आला. आत्या सासरहून आली आहे. कार्यालयात नेण्यापूर्वी कागद घरी आणले आहेत आणि ऋतुजा चहा घेऊन बाहेर येते. हा प्रसंग अगदी जवळून लिहावा. आत्याने चष्मा आणलेला नाही, म्हणून ऋतुजाचे वडील तिला बोट ठेवून जागा दाखवतात. आत्या कागद न वाचता विचारते, “हितं काय?” आणि वडील म्हणतात, “हितं आणि मागच्या पानावर, अक्का.” ऋतुजाचे लक्ष कपबशीत सांडलेल्या चहाकडे आहे. त्या दिवशी आत्याला भारी साडी नेसवतात, आणि ऋतुजाला आत्याचा अभिमान वाटतो, कारण आत्या अगदी तिच्यासारखीच वागली आहे. एवढेच लिहावे. तिला अस्वस्थ वाटले, काहीतरी चुकतेय असे जाणवले, अशी एकही ओळ इथे घालू नये. ती अस्वस्थता वाचकाची आहे, नायिकेची नाही.

चार वर्षांनी तीच जमीन विकायची ठरते. घेणाऱ्याचा वकील सावध आहे आणि तो घरातल्या मुलींच्याही सह्या मागतो. या वेळी ऋतुजा खुर्चीवर बसलेली आहे आणि चहा दुसरे कुणीतरी आणते. वडील बोट ठेवून जागा दाखवतात, आणि ती म्हणते, “पप्पा, मी वाचते आधी.” या चार शब्दांसाठी मागची दोनशे पाने लिहिलेली असतात. पुढे ती सही करते की नाही, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. दोन्ही कादंबऱ्या चांगल्या होऊ शकतात. सही करून तिने बदल्यात व्यवहारात बसण्याची जागा मागितली तर एक पुस्तक होते, न करता ती उठून गेली तर दुसरे.

महत्त्वाचे आहे ते त्यानंतरचे, म्हणजे किंमत. ती किंमत नेमकी लिहावी आणि अनपेक्षित दिशेने यावी असे पाहावे. वडील रागावतील हे कुणीही ओळखेल. मी असतो तर सर्वांत कडवा विरोध आत्याकडून आणला असता. ऋतुजाने कागद वाचायला मागितला त्या क्षणी आत्याची चार वर्षांपूर्वीची सही उघडी पडली. जो त्याग होता तो आता भोळेपणा ठरू पाहतो. आत्या म्हणणार, “आम्ही काय येड्या होतो काय?” या प्रश्नाला ऋतुजाकडे उत्तर नाही, आणि नसावेच. जिच्यासारखे व्हायचे होते त्या बाईला आपल्यामुळे लाज वाटली, हे ओझे घेऊन तिला पुढे जायचे आहे. पाच पानांचे मनोगत लिहूनही इतकी वाढ दाखवता येत नाही.

भोवतालची मोठी माणसे

नायिकेची समज वाढते तशी भोवतालची माणसे वाचकाला अधिकाधिक पूर्ण दिसू लागली पाहिजेत. तेरा वर्षांच्या मुलीला आई म्हणजे शिवणयंत्राचा आवाज आणि जेवायची हाक. अठराव्या वर्षी तिला पहिल्यांदा दिसते की आई गिऱ्हाइकाकडून आलेल्या पैशांतली एक नोट वेगळ्या डब्यात ठेवते आणि त्या डब्याबद्दल कधी बोलत नाही. डबा पहिल्या प्रकरणापासून फळीवर असायला हवा. तो अठराव्या वर्षी अचानक उगवला तर ती लेखकाची सोय ठरते.

शिक्षकांच्या पात्राबाबत मात्र थोडे सावध राहावे. सातारा जिल्ह्यात शिक्षणाची परंपरा खरोखरीच मोठी आहे: सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव याच जिल्ह्यातले, आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यामुळे आपल्या लेखकांच्या हातून प्रेमळ गुरुजी किंवा कणखर बाई सहज येतात, त्या नायिकेला पुस्तके देतात, तिच्या वडिलांना समजावतात, फी भरतात, आणि पाहता पाहता सगळे निर्णय त्यांचेच होऊन जातात. शिक्षकाने एक दार दाखवावे आणि बाजूला व्हावे. साताऱ्यात ‘कमवा व शिका’ योजनेत राहून शिकणारी नायिका असेल, तर योजनेचे गुणगान करण्यापेक्षा तिच्या हातात पडलेली पहिली कमाई कुठे जाते ते लिहावे: ती सगळी घरी पाठवते, त्यातले थोडे ठेवून घेते, की ठेवून घेऊन घरी खोटे सांगते? तिन्ही मुली वेगळ्या आहेत.

३ जानेवारीचे, म्हणजे सावित्रीबाईंच्या जयंतीचे, शाळेतले भाषण हाही या भागातल्या मुलींच्या आयुष्यातला ठरलेला प्रसंग आहे. दहा वर्षांची मुलगी “अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो” पासून बाईंनी लिहून दिलेले भाषण एका दमात म्हणते आणि बक्षीस मिळवते. सोळाव्या वर्षी तिला तेच भाषण धाकट्या मुलीसाठी लिहून द्यायला सांगितले, तर ती काय लिहील आणि काय खोडील, यावर एक सुंदर प्रकरण होऊ शकते.

शरीरात होणारे बदल टाळू नयेत, पण पहिली पाळी हेच मोठे होण्याचे प्रतीक करण्याची सवय सोडावी. ती लिहायची तर त्या चार दिवसांत घरातल्या कोणत्या कामांना तिला हात लावू दिला जात नाही, आणि आजी व आई यांच्यात त्यावरून काय होते, ते लिहावे. एस.टी. स्टँडवरची छेडछाडही तशीच. अन्यायाचे वर्णन एका परिच्छेदात उरकते, पण त्यानंतर तिने घरी सांगायचे ठरवले तर शाळा बंद होईल का, ही भीती पुढची अनेक पाने चालवते. आटपाडी, जत, माण, खटाव अशा तालुक्यांतल्या मुलीसाठी शेवटच्या एस.टी.ची वेळ कथानकातल्या कोणत्याही खलनायकापेक्षा प्रभावी असते.

काळ आणि बोली

जुन्या काळातली नायिका घेतली तर तपशील तपासून घ्यावेत. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता, मग १९६० पर्यंत जिल्ह्याचे नाव दक्षिण सातारा होते. त्यामुळे १९४२ नंतरच्या प्रतिसरकारच्या काळात निरोप पोहोचवणारी वाळव्याची मुलगी स्वतःला सातारा जिल्ह्यातली म्हणेल. पाटण खोऱ्यातल्या कथानकात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप वगळता येणार नाही.

बोलीचा वापर नायिकेच्या वाढीसाठी फार चांगला करता येतो. सांगलीकडे अनेक घरांत मुली “मी जातो”, “मी आलो” असेच बोलतात. ऋतुजाची एखादी मैत्रीण पुण्याला शिकायला जाऊन दिवाळीत परत येते आणि “मी येते हं” म्हणते, तेव्हा घरातले सगळे क्षणभर थांबतात. हा बदल आहे, पण ती वाढ आहे असे लगेच धरून चालू नये. उलट ऋतुजा यार्डात व्यापाऱ्यासमोर हळकुंड मोडून आपल्या बोलीतच भाव सांगते, आणि आवाज खाली आणत नाही, त्यात मला अधिक दिसते. संवादांत बोली ठेवावी, निवेदनात ती कितपत ठेवायची हे आधी ठरवावे आणि मग शेवटपर्यंत पाळावे.

निवेदन ‘मी’ ने करायचे असेल तर मोठी झालेली ‘मी’ लहान ‘मी’ ला सतत सुधारत राहते, हा धोका ओळखावा. “तेव्हा मला हे कळले नव्हते” हे वाक्य हस्तलिखितात जिथे जिथे येईल तिथे तिथे खोडून पाहावे. बहुतेक ठिकाणी प्रसंग त्याच्यावाचून अधिक चांगला उभा राहतो.

दुसरा खर्डा

पहिला खर्डा झाला की कादंबरी काही आठवडे बाजूला ठेवावी आणि मग एका वहीत प्रत्येक प्रकरणासाठी दोनच ओळी लिहाव्यात: या प्रकरणात नायिकेने काय ठरवले, आणि त्याची किंमत कुणी मोजली. पहिल्या काही प्रकरणांत ठरवणारे दुसरेच कुणी असेल तर चालेल, कारण ती लहान आहे. मध्यावर तिचे निर्णय चुकत असावेत आणि किंमत कधी तिला, कधी तिच्या भावाला किंवा आईला पडत असावी. दुसऱ्याला पडलेली किंमत तिला कळणे हा स्वतंत्र प्रसंग होतो. शेवटच्या एक तृतीयांश भागात सलग तीन प्रकरणे अशी निघाली की ज्यांत तिला नुसते काही सांगितले जाते, दिले जाते किंवा तिच्यावर काही कोसळते, तर तो भाग मोडून पुन्हा लिहावा, भाषा कितीही सुंदर साधली असली तरी.

त्या वहीत पहिल्या प्रकरणातला समज वरच्या बाजूला लिहून ठेवावा आणि अखेरच्या प्रकरणापाशी तो पुन्हा वाचावा. नायिकेला स्पर्धा परीक्षेत यश, सत्कार किंवा चांगले स्थळ देऊन पुस्तक संपवले असेल, तर ते प्रकरण काढून त्याच्या आधीच्या प्रकरणावर कादंबरी थांबते का ते पाहावे. पुष्कळदा ती थांबते. मग ते हस्तलिखित सोळा-सतरा वर्षांच्या दोन मुलींना वाचायला द्यावे, शक्यतो एक सांगली-साताऱ्यातली आणि एक बाहेरची, आणि त्यांना आवडले का हे विचारू नये. कोणत्या पानावर त्यांनी नायिकेच्या जागी वेगळे काही केले असते, एवढेच विचारावे, आणि त्यांनी दाखवलेल्या पानांपासून दुसऱ्या खर्ड्याला सुरुवात करावी.